वाचलं की शून्य

सोमवार, २५ मार्च

काय झालं ते आधी क्रमाने.

१. ९ मार्च, शनिवार, दुपारी ३:१०. हवामान केंद्राने सरोवरावरच्या वादळाचा इशारा पाठवला.

२. ताकाविरी बेटाच्या धक्क्यावरचा दिवा तेव्हाच लाल व्हायला हवा होता. तो ३:५० पर्यंत हिरवा राहिला.

३. त्या चाळीस मिनिटांत सहा होड्या पाण्यात गेल्या. पाच परत आल्या.

४. सहाव्या होडीतला ओगुतू रविवारी सकाळी एका रिकाम्या जेरीकॅनला बिलगलेला सापडला. जिवंत. डाव्या हाताची तीन बोटं इंजिनाच्या दोरात गेली.

५. इशारा दिव्यापर्यंत पोहोचवणारं, बेटावरच्या मनोऱ्यातलं नेटवर्क कार्ड आठवडाभर पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, गाळत होतं. गळालेल्या पॅकेटांचा आकडा मिनिटाला शंभराच्या वर गेला की किसुमूला आमच्या कार्यालयात घंटा वाजते आणि कार्ड बदललं जातं. घंटा वाजली नाही.

६. तो आकडा ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या प्रोग्राम. त्यातला आकडे सांगणारा भाग मी लिहिला आहे.

७. २ मार्चला आमचे प्रमुख ओबिएरो यांनी त्या भागात बदल केला. मला विचारलं नाही.

८. चौकशीच्या बैठकीत ओबिएरो म्हणाले, “आकड्यांचा भाग अपोंडीचा. तिला काही महिने चाचण्यांवर ठेवतो.” अपोंडी मी. सातव्या मुद्द्याबद्दल ते काहीही बोलले नाहीत.

इथवर माझं मत कुठेही नाही. मत आता लिहिते. मी त्यांना सोडणार नाही.

बुधवार, २७ मार्च

नवं काम सुरू. ड्रायव्हर सांगतो ते आकडे खरे आहेत का, हे माणसाने न बघता आपोआप तपासणाऱ्या चाचण्या लिहायच्या. आमच्याकडे हे काम नव्याने आलेल्यांना देतात. मला इथे सहा वर्षं झाली.

ठीक आहे. दोष कुठे आहे ते चाचणीच दाखवते. मग दुरुस्ती लिहायची आणि ती सार्वजनिक यादीवर पाठवायची. जगभरचे ड्रायव्हर लिहिणारे ती यादी वाचतात. तिथला रिवाज असा की दुरुस्तीच्या खाली एक ओळ द्यावी लागते: हा दोष कोणत्या बदलातून आला. त्या बदलाचा बारा अक्षरांचा क्रमांक आणि त्याचं शीर्षक. आम्ही तिला दोष-ओळ म्हणतो. क्रमांक उघडला की बदल करणाऱ्याचं नाव दिसतं. ती ओळ कुणालाही, कधीही काढता येत नाही.

ओबिएरोंच्या २ मार्चच्या बदलाचा क्रमांक मी पाठ केला आहे. दोष-ओळ लिहूनही ठेवली. तिच्या वरची दुरुस्ती तेवढी लिहायची राहिली आहे.

मंगळवार, २ एप्रिल

ईस्टरची सुट्टी संपली. तीन चाचण्या झाल्या.

पहिली: पोहोचलेली आणि गळालेली मिळून पाठवली तेवढीच पॅकेटं भरायला हवीत. दुसरी: पॅकेटांच्या प्रत्येक रांगेचा आकडा मिळवला की एकूण आकडा यायला हवा. तिसरी: कार्ड बंद करून पुन्हा चालू केलं तरी कोणताही आकडा मागे जाता कामा नये.

चाचणीच्या बाकावरची यंत्रं ओकेयो सांभाळतो. तेलात तळलेली मांदाझी खात माझ्या खांद्यावरून बघत होता.

“काय गं गेमची लेक, चाचण्या लिहितेस की खटला?”

गेम माझं गाव. माझं नाव तो फक्त रागावला की घेतो.

“दोन्हीत पुरावाच लागतो.”

“आरोपी कोण?”

“तू तेल कीबोर्डवर सांडू नकोस.”

“म्हणजे जादुओंग.” आम्ही सगळे ओबिएरोंना जादुओंग म्हणतो, वडीलधारे म्हणून. ओकेयोने आवाज खाली आणला. “एक सांगू? वादळाच्या दुसऱ्याच दिवशी ते ताकाविरीला गेले. होडीने.”

“ते होडीत बसत नाहीत. त्यांचा भाऊ बुडाला होता.”

“तेच तर. लॅपटॉप छातीशी धरला आणि डोळे घट्ट मिटून बसले. नावाडी हसत सांगत होता. रविवार, चर्चसुद्धा बुडवलं. परत आल्यावर मी विचारलं, काय केलंत तिकडे? म्हणाले, देखभाल.”

पाण्याला भिणारा माणूस रविवारी, एकटा, लॅपटॉप घेऊन बेटावर जातो. देखभालीला.

पुरावा पुसायला गेले होते.

शुक्रवार, ५ एप्रिल

नवी आवृत्ती बाहेर पडली की शुक्रवारी जेवणानंतर पाक्रुओक होतं. ओकेयो पत्र्याच्या खोक्यावर ठेका धरतो आणि प्रत्येकाने उभं राहून स्वतःचा बडेजाव सांगायचा, जितका लांब तितका चांगला. ओकेयोने सुरुवात केली: “मी ओकेयो, असेम्बोच्या पोरींची झोप उडवणारा, ज्याने ओढलेली केबल बैलाच्यानेही तुटत नाही!” टाळ्या.

मग ओबिएरो उठले. ते सहसा उठत नाहीत.

“मी ओबिएरो, पाण्याला भिणारा, जो होडीत बसलाच तर लेकरांसाठीच बसतो!”

सगळे हसले. त्यांना चार मुलगे आहेत, एकही बेटावर राहत नाही. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यांनी हटवली.

होडीत बसल्याचं चारचौघांत कबूल केलं, एवढं नोंदवते.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, माझ्या चाचण्या बोलतील. ओकेयो ओरडला, “ही लग्नातही अहवाल वाचेल!”

शुक्रवार, १२ एप्रिल

माझा तर्क असा होता. गळालेली पॅकेटं कार्डातल्या एका लहान कप्प्यात मोजली जातात. माझा ड्रायव्हर तो कप्पा दर सेकंदाला वाचायचा आणि एकूण आकड्यात मिळवायचा. ओबिएरोंनी २ मार्चला ते दर दहा सेकंदांनी केलं. दहा सेकंदांत कप्पा भरून पुन्हा एकपासून सुरू होत असणार.

आज मोजलं. भरत नाही. भरायला अर्ध्या दिवसाच्या वर लागेल.

त्यांचा बदल पास. माझी मूळ आवृत्तीही पास. चौथी चाचणी लिहिली, तीही पास.

इतक्या हिरव्या ओळी बघून मला कधी एवढा संताप आला नव्हता.

शनिवार, २० एप्रिल

ताकाविरीला गेले. कारण कागदोपत्री असं की मला मनोऱ्यावरच्या खऱ्या वाहतुकीचे आकडे हवे होते. पलीकडच्या मनोऱ्याने पाठवलेली वजा इथे पोहोचलेली: वादळाआधीच्या त्या आठवड्यात मिनिटाला साधारण सहाशे पॅकेटं गळत होती. त्याच काळात आमच्या पडद्यावर: तीस.

सहाशेचे तीस. हे मी दहा वेळा तपासलं.

खरं कारण ओगुतू होता. धक्क्यावर जाळ्यांवर ओमेना, सरोवरातली बारीक मासळी, वाळत घातली होती, आणि तो एका हाताने ती पालटत होता. त्याची बायको साबियाना पलीकडे बसून करवंदासारख्या काळ्याभोर दगडावर सुरीला धार लावत होती.

“तू दिव्यावाल्यांची?” तिने विचारलं.

“हो.”

“दिवा हिरवा होता, बाई. मी स्वतः म्हणाले, जा, हिरवा आहे. मी म्हणाले.”

ओगुतू म्हणाला, “तिला ते रोज सांगायचं असतं. सांगू दे.” मग मला, “बिघडलं काय होतं?”

मी सोपं करून सांगितलं. ड्रायव्हर म्हटल्यावर तो थांबला.

“म्हणजे ड्रायव्हर झोपला होता? मतातू गाड्यांचे झोपतात, तुमचेही झोपतात?”

“हा माणूस नसतो. प्रोग्राम असतो.”

“प्रोग्राम माणूसच लिहितो ना?”

“हो.”

“मग माणसाचं नाव सांग. मला त्याला मारायचं नाही.” त्याने डावा हात वर केला. “याने मारणार तरी कसा? नुसतं नाव. रात्रभर जेरीकॅनला धरून मी कुणाला शिव्या देत होतो तेच मला ठाऊक नव्हतं. देवाला दिल्या. ते बरं नाही.”

“आणून देईन,” मी म्हणाले.

“नाव?”

“नाव.”

साबियानाने सुरी बाजूला ठेवली, वाळलेली ओमेना कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. मी नको म्हणाले तर ती म्हणाली, “घे. रिकाम्या हाताने आलीस, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.”

परतताना होडीत मी दोष-ओळीची बारा अक्षरं मनातल्या मनात म्हणत होते. पुढच्या वेळी या धक्क्यावर मी ती मोठ्याने म्हणणार आहे.

बुधवार, २४ एप्रिल

ओबिएरो स्वतःहून माझ्या टेबलाशी आले.

“चारही पास?”

“पास.”

“मग चेहरा असा का?”

“सहाशेचे तीस का झाले ते अजून कळलेलं नाही.”

ते स्टूल ओढून बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. “बाकावर कार्ड एकटं असतं, पोरी. मनोऱ्यावर ते एकटं नसतं. तिथे जे जे चालू होतं, ते सगळं इथे चालू कर. मग चाचणी लाव. घाई करू नकोस.”

“तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा ना, जादुओंग.”

“मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल.”

“त्याने काय बिघडेल?”

“तुला पटणार नाही.” एवढं बोलून ते चहाला गेले.

अपराधी माणूस असाच बोलतो. अर्धं सांगतो, म्हणजे उद्या म्हणता येतं की मी तर सुचवलं होतं. आणि पोरी कोणाला म्हणतात? चौकशीच्या बैठकीत मी अपोंडी होते.

गुरुवार, २५ एप्रिल

त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण सूचना तांत्रिक दृष्ट्या योग्य आहे. ती मी माझी म्हणून वापरणार.

अडचण एकच. मनोऱ्यांवर त्या वेळी नक्की काय काय चालू होतं याची यादी कुठेच नाही. आताची आहे. ९ मार्चची नाही.

सोमवार, ६ मे

सापडलं!

ओकेयोच्या कपाटात ताकाविरीचं जुनं यंत्र होतं. २८ फेब्रुवारीला पेटी गंजली म्हणून ते काढून आणलं, जागी तेच प्रोग्राम घातलेलं दुसरं बसवलं, आणि हे तसंच पडून राहिलं. त्यामुळे कुणी त्याची ‘देखभाल’ केलेली नाही. मनोऱ्यावर जे होतं ते सगळं त्यात जसंच्या तसं आहे.

त्यात ओबिएरोंचा ड्रायव्हर घातला. मिनिटाला सहाशे पॅकेटं गळतील अशी सोय केली. चाचणी लावली.

नापास. गळाली सहाशे, सांगितली एकतीस.

ओकेयो मला म्हणाला, “तुला दात आहेत हे मला आज कळलं.” मी हसत होते म्हणे.

नियमाप्रमाणे उद्या माझी २ मार्चच्या आधीची आवृत्ती त्याच यंत्रात घालायची. ती पास झाली की दोष त्यांच्या बदलात आहे हे सिद्ध. दुरुस्तीचा मसुदा आजच लिहून टाकला. दोष-ओळ तर होतीच.

साबियानाची ओमेना आज शिजवली, मक्याच्या पिठाच्या कुओनबरोबर जेवले. बऱ्याच दिवसांनी चव लागली.

मंगळवार, ७ मे

माझी आवृत्ती नापास.

गळाली सहाशे, सांगितली दोनशे शहाण्णव. पुन्हा लावली: तीनशे अकरा.

म्हणजे दोष दोन्ही आवृत्त्यांत, किंवा एकातही नाही. कप्प्यातले आकडे ड्रायव्हरच्या आधी दुसरं कुणीतरी उचलून नेत होतं.

यंत्रात चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी काढली. बावीस नावं. एकोणिसावं: डोकाव.

डोकाव माझं आहे. जानेवारीत लिहिलं. तंत्रज्ञांना मनोऱ्यावर उभं राहून कार्डाच्या आत बघता यावं म्हणून छोटीशी खिडकी. दर सेकंदाला कार्डाचे चाळीसही कप्पे वाचते आणि पडद्यावर मांडते. सगळ्यांना आवडली होती. चालू करून कुणी बंद करत नसे.

कार्डाच्या पुस्तकात चाळीस कप्प्यांचा तक्ता आहे. गळालेल्यांच्या ओळीपुढे एक बारीक तारा आहे. खाली टीप: हा कप्पा वाचला की शून्य होतो. एकोणचाळीस तसे नाहीत. हा एकच.

तारा मी पाहिला होता. ड्रायव्हर लिहिताना पाहिला होता, म्हणूनच तिथे बेरीज केली. डोकाव लिहिताना चाळीस कप्पे एका फेरीत वाचले, कारण चार ओळींत काम होत होतं आणि ते नीटनेटकं दिसत होतं.

डोकाव बंद केलं. दोन्ही आवृत्त्या पास. सहाशेला सहाशे.

चालू केलं. नापास.

बंद. पास.

ओकेयो येऊन उभा राहिला. “काय झालं?” मी म्हणाले, “काही नाही.” तो म्हणाला, “अपोंडी.” नाव घेतलं. 

गुरुवार, ९ मे

मनोऱ्यांची देखभाल-वही मागवली. हे मार्चमध्येच करायला हवं होतं. तेव्हा केलं नाही, कारण त्यात काय असेल ते मला ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते.

१० ते १२ मार्च. अकरा मनोरे, अकरा नोंदी, सगळ्या ओबिएरोंच्या. प्रत्येकीत तेच: “डोकाव काढलं.” कारणाचा रकाना रिकामा.

अकरापैकी चार बेटांवर आहेत.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं होतं. मला कळायला दोन महिने लागले. ते दोन महिने मी त्यांच्याच पगारावर त्यांच्याविरुद्ध पुरावा शोधत होते, आणि ते मला कुठे शोधायचं ते सांगत होते.

बैठकीत डोकावचं नाव निघालं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती. ते म्हणाले, चाचण्यांवर ठेवतो.

हे उपकार आहेत असं कुणी म्हणेल. मला वाचवायचं होतं तर मला विचारून वाचवायचं होतं. २ मार्चला विचारलं नाही, १० मार्चलाही नाही. जवळजवळ तीन आठवडे मी एका माणसाला वचन दिलेलं नाव खिशात घेऊन फिरले, आणि ते नाव चुकीचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवार, १० मे

थांबा. जानेवारीतल्या डोकावच्या नोंदीखाली: “तपासलं, मंजूर. ओबिएरो.”

तारा त्यांनाही दिसला नव्हता.

आणि हिशेब असा. माझं डोकाव असतानाही, ड्रायव्हर दर सेकंदाला वाचत असता तर सहाशेपैकी तीनशे तरी पडद्यावर आले असते. तीनशेला घंटा वाजते. दर दहा सेकंदांनी वाचला म्हणून तीस आले. तीसला वाजत नाही.

दहा सेकंद ही चूक नाही. पुस्तकात तसं चालतं. पण २ मार्चला मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.

मग ते होडीत कुणासाठी बसले?

सोमवार, १३ मे

दुरुस्ती लिहिली. डोकाव आता एकोणचाळीस कप्पे वाचतं. चाळिसावा आकडा ड्रायव्हरला विचारून घेतं. पाचवी चाचणी जोडली: मनोऱ्यावर चालतं ते सगळं चालू ठेवून मोजणी. यापुढे कुणीही कप्प्यात हात घातला तर ती नापास होईल.

जुनी दोष-ओळ पुसली. नव्या ओळीसाठी माझ्या जानेवारीच्या बदलाचा क्रमांक शोधावा लागला. तो पाठ नव्हता.

मंगळवार, १४ मे

ओबिएरोंना आज दिलेल्या पत्राची प्रत.

जादुओंग,

१. दोष सापडला. डोकाव. ११ जानेवारी, बदल माझा, मंजुरी तुमची.

२. दुरुस्ती आणि पाचवी चाचणी सोबत जोडली आहे. सोमवारी, २० मे रोजी, मी ती सार्वजनिक यादीवर पाठवते आहे. दोष-ओळ माझ्या बदलाची आहे. परवानगी मागत नाही.

३. देखभाल-वहीतल्या तुमच्या अकरा नोंदी मी पाहिल्या. कारणाचा रकाना रिकामा आहे. डोकाव तुम्ही माझं नाव वाचवायला काढलंत, की तुमची मंजुरी आणि तुमचे दहा सेकंद झाकायला, हे मला मोजता येत नाही. त्याची चाचणी लिहिता येत नाही. ते तुम्हीच सांगू शकता.

४. तुम्ही माझ्यासाठी पाण्यावर गेला असाल, तर त्याचे आभार मी नंतर मानेन. आत्ता मानणार नाही. धक्क्यावर एक बाई रोज सकाळी म्हणते की जा असं तीच म्हणाली. तिला दोन महिने तसं म्हणू दिलं, तुम्ही जाणून आणि मी न जाणता.

५. ताकाविरीच्या ओगुतूला मी नाव आणून द्यायचं कबूल केलं आहे. शनिवारी सकाळी सातच्या होडीने मी जाते आहे. माझं नाव सांगणार हे ठरलं आहे. होडीत तुमच्यासाठी जागा धरली आहे. यायचं की नाही ते तुम्ही बघा.

धक्क्यावर एक नाव सांगायचं की दोन, ते शुक्रवार, १७ मे, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावं.